सात नंबरच्या एक्केचाळीस हाका

चौकशीच्या साहेबांनो, तुम्ही खोटं लिहिलंत.

अहवालाचं पान तीन, शेवटची ओळ. 'मृत कामगाराने आतली घंटा एकदाही वाजवल्याचे आढळत नाही. तो नशेत झोपी गेला असावा.' खाली तुमच्या तिघांच्या सह्या. झोकदार सह्या. एकाची तर अशी, की जणू लग्नाच्या पत्रिकेवर करतोय.

मी काही शिकलेला लेखक नाही. पण जे घडलं ते मी ऐकून आहे, आणि ज्या बाईकडून ऐकलं ती खोटं बोलत नाही. अनुपमा माझी मामेबहीण. मुलुंडची. त्या कारखान्यात कॉम्प्युटर तीच चालवायची.

ही गोष्ट खरी आहे. आणि अंधार, अमावास्या, पिंपळ असलं काही हिच्यात नाही.

शनिवार, १४ मे १९८८. घाटकोपर पश्चिम. दुपारचे एक वाजून पाच मिनिटं.

बाहेर डांबर वितळत होतं.

आत उणे बावीस.

*

कारखाना आइस्क्रीमचा. मागच्या बाजूला माल ठेवायच्या दोन शीतखोल्या. जाड दरवाजे, बाहेरून लोखंडी खिट्टी. दोन नंबरच्या खोलीचं आतलं हँडल वर्षभर मोडकं. 'उद्या बसवू' म्हणत ते तसंच राहिलेलं.

त्या खोल्यांत काम करायचा दशरथ. मालवणकडचा. आधी गिरणीत होता, संपात गिरणी गेली, मग हा बर्फ. राहायला वर भटवाडीत. पन्नाशीचा, सडपातळ, तोंडाने फटकळ. दारूच्या वासानेही त्याला मळमळायचं. सगळ्या कारखान्याला हे माहीत होतं.

तिथली एक जुनी रीत होती. आत जाताना गमबूट घालायचे आणि आपल्या चपला दारासमोर काढून ठेवायच्या. चपला दिसल्या, की आत माणूस आहे. दाराला कुणी हात लावायचा नाही.

दुसरी रीत घंटेची. आत दोरी, बाहेर पितळी घंटा. अडकलास तर तीनदा ओढ. थांब. परत तीनदा. हे पोरासोरांना ठाऊक.

मग कॉम्प्युटर आला.

मॅनेजर चंद्रप्रकाश. सगळे त्याला सीपी साहेब म्हणायचे. त्याला बाहेरच्या पाहुण्यांना कारखाना दाखवायचा भारी सोस. दारासमोर फाटक्या चपला बघून त्याला लाज वाटायची.

"हे काय देऊळ आहे का, रे? सगळ्या चपला गेटवर. रॅक केलाय ना तिथे!"

घंटाही गेली. दोरीच्या जागी बटण बसलं, आणि बटणाची तार थेट अनुपमाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला. बटण दाबलं की कॉम्प्युटर भोंगा वाजवणार.

दशरथ पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काय गो अनुपमा, ह्यो तुझो डबो माझी हाक आयकतलो?"

"ऐकतो हो दशरथकाका. हातातलं काम टाकून ऐकतो."

"मगे माझ्या बायलेपेक्षा बरो."

*

इथे थोडं समजून घ्या. साहेबांनो, तुम्ही तर घ्याच. तेव्हा घेतलं नव्हतंत.

त्या काळातल्या कॉम्प्युटरात एकच मोठी चिप सगळं काम करायची. ती कामात बुडालेली असताना कीबोर्डाला काही सांगायचं असेल, फ्लॉपीला काही सांगायचं असेल, तर त्यांनी हाक मारायची. हाकांच्या आठ तारा. शून्य ते सात. शून्यावर घड्याळ, ते सेकंदाला अठरा वेळा हाक मारतं. एकवर कीबोर्ड. सहावर फ्लॉपी. पाच नंबर रिकामा होता, तो अनुपमाने शीतखोलीच्या बटणाला दिला.

या आठ तारांच्या तोंडाशी एक छोटी चिप बसलेली. दारवान म्हणा. हाक आली की तो आत वर्दी देतो. मोठी चिप हातातलं काम टाकते आणि विचारते, कोण? दारवान नंबर सांगतो.

आता खरी गोम ऐका.

हाक मारणारा मोठ्या चिपने 'कोण?' विचारण्याआधीच गप्प झाला तर?

दारवानाला 'कुणी नाही' म्हणता येत नाही. त्याला तसं बनवलेलंच नाही. वर्दी दिलीय म्हटल्यावर काहीतरी नंबर सांगावाच लागतो. मग तो सांगतो, सात.

म्हणजे कुणीतरी हाक मारली. विचारेपर्यंत विरली. त्या सगळ्या विरलेल्या हाका सातवर.

आणखी एक. खरी हाक ऐकून झाली, की दारवानाला उलट कळवावं लागतं, 'ऐकली.' तेव्हा ती हाक मिटते. सातवरच्या विरलेल्या हाकेला मात्र 'ऐकली' म्हणायचं नसतं. पुस्तकातच तसं लिहिलंय.

अनुपमाने पहिल्यांदा सातवरही भोंगा ठेवला होता. असू दे, सावधगिरी. पण कॉम्प्रेसर सुरू झाला की तारेत झटका बसायचा आणि सात नंबर यायचा. दिवसातून चारदा भोंगा. सगळे हातातलं टाकून शीतखोलीकडे पळणार, दार उघडणार, आत कुणी नाही.

सीपी साहेब लालेलाल.

"अगं, वाट लागली ना यार! माल वितळतोय, आणि हे लोक पळापळी खेळतायत. काढ तो सात नंबर."

"साहेब, एखादी खरी असली तर?"

"खरी असेल तर पाचवर येईल ना? तूच सांगितलंस."

तिनेच सांगितलं होतं.

तिने सातचा भोंगा काढला. अगदीच टाकवेना, म्हणून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात नुसता आकडा ठेवला. किती वेळा आली, रोज शून्यापासून. प्रत्येकीची वेळ संध्याकाळी कागदावर छापून यायची.

त्या आकड्याला नाव तिनेच दिलं.

'खोट्या.'

*

त्या शनिवारी पुढच्या शेडमध्ये नव्या मशीनची पूजा होती. एक वाजता सगळे तिकडे. अनुपमाला गाड्यांची यादी छापायची होती, ती मागे राहिली. डबा उघडला. भेंडीची भाजी होती, हेसुद्धा तिला आजवर आठवतं.

दशरथ प्रसादाच्या आइस्क्रीमचे खोके आणायला दोन नंबरच्या खोलीत गेला. अंगात नुसता शर्ट. दोन मिनिटांचं तर काम.

वायरमन शिवदास तिथून चालला होता. दार थोडं उघडं दिसलं. समोर चपला नाहीत.

त्याने दार लोटलं. खिट्टी लावली. थंडी वाया जाऊ नये म्हणून. भला माणूस.

एक वाजून पाच मिनिटं.

कोपऱ्यातला आकडा हलला…

एक. दोन. तीन.

मग थांबला.

चार. पाच. सहा.

अनुपमाने बघितलं. कॉम्प्रेसर असेल, असं मनात म्हणाली आणि पोळीचा घास मोडला.

थांबला. परत तीन.

छापता छापता यंत्र प्रत्येक वेळी जरासं अडखळत होतं. तिला त्याचा राग आला. राग! हे सांगताना ती अजून स्वतःच्या हाताला चिमटा काढते.

जेवून तिने डबा धुतला. आली तर आकडा एकोणचाळीसवर. बघता बघता आणखी दोन.

चाळीस. एक्केचाळीस.

तिसरी आली नाही.

पाच मिनिटं कमी दोन. ती प्रसादाला गेली.

साडेचारला कुणीतरी विचारलं, "दशरथ खंय रे?"

दार उघडलं तेव्हा तो दाराला पाठ लावून बसला होता. एक हात वर, बटणावर. बटणाच्या आत बर्फ धरलेला. पत्र्याला पत्रा धड टेकत नव्हता. दाबलं की निमिषभर ठिणगीएवढा टेकायचा आणि सुटायचा. कॉम्प्युटरने 'कोण?' विचारण्याआधी सुटायचा.

कॉम्प्रेसर त्या दुपारी एक ते तीन बंद होता. साचलेला बर्फ वितळवायला. रोजच असायचा.

अनुपमाला हे माहीत होतं. फक्त तेव्हा आठवलं नव्हतं.

*

मग तुम्ही आलात, साहेबांनो. थंड पेय घेतलंत. कॉम्प्युटरचा कागद मागितलात.

पाच नंबर, शून्य.

"म्हणजे घंटा वाजलीच नाही."

"सर, सातवर एक्केचाळीस आहेत," अनुपमा म्हणाली. "तीन, थांबून तीन. ही जुन्या घंटेची खूण…"

तुमच्यातल्या एकाने कागदावर बोट ठेवलं. "इथे काय लिहिलंय, मॅडम? वाचा."

"खोट्या."

"कुणी लिहिलं?"

"मी."

"मग?"

सीपी साहेब खिडकीबाहेर बघत होता. ती गप्प बसली. नोकरी होती, बाप आजारी होता, आणि शब्द तिचाच होता.

तुम्ही दोन नंबरच्या खोलीला सील ठोकलंत, तिची थंडीची यंत्रणा बंद करवलीत आणि गेलात.

दशरथची बायको सुगंधा. पंधरा दिवसांनी गेटवर उभी राहिली. हातात नवऱ्याच्या चपला. तुम्ही लिहिलेली 'नशा' भटवाडीच्या नळावर पोचली होती.

"लोकां म्हणतत, दारू पिऊन झोपलो. ह्यांनी जल्मात दारूक हात लावल्यानी नाय." ती रडत नव्हती. "माका एकच सांग गो बाय. ह्यांनी हाक मारल्यानी काय नाय?"

अनुपमाला वाटलं, आता तरी खरं बोलावं.

"मारली. एक्केचाळीस वेळा."



"मगे तू खंय होतंस?"

"समोरच."

सुगंधाने चपला तिथेच गेटच्या रॅकवर ठेवल्या आणि चढ चढून निघून गेली.

*

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

दुपारी एक वाजून पाच मिनिटं. अनुपमा डबा उघडत होती.

कोपऱ्यातला आकडा…

एक. दोन. तीन.

थांबला.

तिच्या तोंडातला घास तसाच राहिला.

चार. पाच. सहा.

दोन नंबरची खोली बंद. कॉम्प्रेसर बंद. एक वाजून पंचावन्नला आकडा एक्केचाळीसवर थांबला. शेवटच्या खेपेला दोनच.

तिने शिवदासला बोलावलं. त्याने तार भिंतीपाशी कापली. बटण उखडून काढलं, भिंतीत नुसतं भोक राहिलं. कॉम्प्युटरमागची तारही उपटली.

"आता देवाच्या बापाला पण हाक मारता येणार नाय," तो म्हणाला. हसायला गेला, हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे पडद्यासमोर बसले.

एक वाजून पाच…

एक. दोन. तीन.

शिवदास उठून भिंतीला टेकला.

"अनुपमा… खिट्टी मी लावली होती गं."

हे त्याने तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही. तुम्ही विचारलंच नव्हतंत.

"चपला नव्हत्या रे," ती म्हणाली.

मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. पावडर लावलेला, टायवाला. "नॉईज आहे," म्हणाला. एक वाजून पाचलाच कसा, म्हटल्यावर ब्रीफकेस बंद करून निघाला.

रोज एक्केचाळीस. रविवारी ती मुद्दाम गेली. रविवारीही.

आणि रोज ती एक जागा. चाळीस, एक्केचाळीस, आणि मग… काही नाही. कुणी बोलता बोलता वाक्य अर्धं टाकावं तसं. अनुपमा म्हणते, हाकांची भीती नव्हती वाटत. न येणाऱ्या त्या तिसरीची वाटायची.

तिने पुस्तकं पुन्हा काढली. रात्र रात्र नाही, जेवणाच्या सुट्टीत, त्या आकड्यासमोर बसून. आणि एक दिवस त्या ओळीवर बोट थांबलं.

विरलेल्या हाकेला 'ऐकली' म्हणायचं नसतं.

त्याला कुणी 'ऐकली' म्हटलंच नव्हतं.

तिने प्रोग्रॅम बदलला. फक्त एक सूचना घातली. सातवर हाक आली, की दारवानाला उलट कळव.

ऐकली.

*

बुधवार होता. शिवदास शेजारी उभा. त्याच्या हातात दशरथच्या चपला. का आणल्या, त्यालाच सांगता येईना.

एक वाजून पाच.

एक.

प्रोग्रॅमने उत्तर दिलं. ऐकली.

आकडा थांबला. बराच वेळ थांबला. अनुपमाला वाटलं, सुटलो.

मग…

दोन तीन चार पाच सहा सात…

तीनचा ठेका नाही. थांबणं नाही. आकडे नुसते पळत सुटले. रोज पन्नास मिनिटं लागायची, तेवढ्या हाका मिनिटभरात.

बंद दाराआड अडकलेल्याला बाहेर कुणी आहे हे कळलं, की तो काय करतो?

धडका मारतो.

चाळीस. एक्केचाळीस.

शांत.



आणि भोंगा वाजला…

सातचा भोंगा तर कधीच काढलेला. पडद्यावर डावीकडे, जिथे महिनाभर शून्य होतं, तिथे…

पाच: १.

तार कापलेली. बटण उखडलेलं. प्लग टेबलावर तिच्या डब्याशेजारी पडलेला.

सगळा कारखाना धावत आला. शिवदास त्यांच्या पुढे. त्याने तुमचं सील हाताने तोडलं आणि चपला दारासमोर ठेवल्या. नीट, जोडीने. मग खिट्टी काढली.

खोली महिनाभर बंद होती. आत कुबट उकाडा असायला हवा होता.

दार उघडलं आणि पांढरी वाफ पायांवर आली…

आत कुणी नव्हतं. भिंती कोरड्या. जमीन कोरडी. फक्त भिंतीतल्या त्या भोकाभोवती बर्फ धरला होता. पंज्याएवढा. पाच बोटं वेगवेगळी मोजता येत होती.

सीपी साहेब मागून ओरडत आला. "कुणी सील तोडलं रे?" बर्फ बघून त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. पुढचे आठ दिवस तो कामावर आला नाही.

मे-जूनच्या त्या काहिलीत तो पंजा संध्याकाळपर्यंत वितळला नाही.

*

अनुपमाने सगळं लिहून तुम्हाला पाठवलं. पाच नंबरचा कागदही. शिवदासने खिट्टीचं लिहून सही केली.

तुमचं उत्तर आलं. हो, आलं. 'शासकीय सील विनापरवाना तोडल्याबद्दल कारणे दाखवा.' आणि खाली, 'तार जोडलेली नसताना घंटेची नोंद हा यंत्रातील बिघाड समजावा.'

म्हणजे तार जोडलेली होती तेव्हाच्या हाका खोट्या. नव्हती तेव्हाची हाक बिघाड. मग माणसाने मरताना तुम्हाला नेमकं कोणत्या तारेने कळवायचं?

शिवदासला काढून टाकलं. अनुपमाने स्वतःच नोकरी सोडली. जाण्याआधी भटवाडी चढून गेली. सुगंधाने आत ये म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.

"कागदार काय लिवल्यानी?" सुगंधाने विचारलं.

"तेच. घंटा वाजली नाही."

"मगे ह्येंका अजून थंयच ऱ्हवाचा लागतला."



आता अनुपमा बोरिवलीला एका छापखान्यात आहे. दुसरी कंपनी, दुसरं मशीन, नवं कोरं. शीतखोली नाही, कॉम्प्रेसर नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, जेवणाच्या वेळेला छपाई अडखळते. जराशी. तीनदा. थांबून तीनदा.

तिने घड्याळ बघितलं नाही. गरज नव्हती.

तिने सात मोजायचा छोटा प्रोग्रॅम घातला. तो आकडा रोज एक्केचाळीसवर थांबतो आणि वाट बघतो. त्याला तिने या खेपेला 'खोट्या' म्हटलेलं नाही. नुसतं 'दशरथ' लिहिलंय.

मी तिला विचारलं, "मग परत 'ऐकली' म्हण ना. म्हटल्याने काहीतरी झालं होतं."

ती म्हणाली, "मी म्हटलं तर दार उघडतं, रे. पण तो बाहेर येत नाही. ज्यांनी नाही म्हणून लिहून दिलंय, त्यांनी म्हणायला हवं."

त्या दुपारी मी तिच्या शेजारी बसलो होतो. मी डोळ्यांनी बघितलं. चाळीस. एक्केचाळीस. खोलीत पंखा होता, घाम होता, आणि माझ्या उजव्या हाताची बोटं… बर्फात घातल्यासारखी बधिर झाली होती. अजून नीट मूठ वळत नाही. हे लिहितोय तेही डाव्या हाताने.

साहेबांनो, तुमच्या कचेरीतही आता कॉम्प्युटर आलाय म्हणे. एकदा दुपारी एक वाजून पाचला त्याच्यासमोर बसा.

आणि मग सांगा. दशरथने हाक मारली होती. एक्केचाळीस वेळा. कागदावर, तुमच्या त्या झोकदार सह्यांनिशी, 'ऐकली' एवढा एक शब्द लिहून देता की नाही?